मनात वाच

शाळेत पोरं मला 'श्श मॅडम' म्हणायची. माझ्या पाठीमागे, अर्थात. पण तेलंगणातल्या, बेल्याकडच्या आमच्या गावात पाठीमागे बोललेलं संध्याकाळपर्यंत तोंडासमोर येतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी ते माझ्या कानावर आलं. खरं सांगायचं तर मला राग येण्याऐवजी जरा अभिमानच वाटला. नाकावर राग असलेली बाई म्हणून माझी ख्याती होतीच, त्यात आणखी एका नावाची भर पडली.

लायब्ररी माझ्याकडे होती. पाचवीचा वर्ग आणि वंटगदी यांच्या मधली एक लांबट खोली. वंटगदी म्हणजे स्वयंपाकाची खोली. शाळा मराठी माध्यमाची असली तरी हा तेलुगू शब्दच सगळ्यांच्या तोंडी बसला होता. लायब्ररीत तीन लोखंडी कपाटं, दोन लांब बाकडी आणि वंटगदीच्या बाजूला एक गजांची खिडकी. कपाटांच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असत. पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती, कारण घरी गेलेली पुस्तकं कधी चुलीजवळ सापडत, तर कधी सापडतच नसत. दुपारच्या जेवणाआधीचा तास लायब्ररीचा. पोरांनी रांगेत यायचं, पुस्तक घ्यायचं, बाकावर बसायचं आणि वाचायचं. मनात.

या 'मनात'वर माझा फार जीव होता. त्याचं कारण सांगायला पाहिजे, नाहीतर मी नुसतीच खडूस वाटेन. लहानपणी आम्ही सात जण एका खोलीत राहिलो. वडील शिपाई होते, त्याआधी लोकांच्या शेतात राबत. घरात कोणी ना कोणी सतत बोलत असायचं, खोकत असायचं, भांडत असायचं. आदिलाबादच्या वाचनालयात वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिथं वकील, कापसाचे व्यापारी, पेन्शनर, सगळे एका टेबलाशी बसून गप्प वाचत होते. आणि माझे वडीलही त्याच टेबलाशी बसून गप्प पेपर वाचायला लागले. कोणी त्यांना 'कोण रे तू' विचारलं नाही. तोंड उघडलं असतं तर बोलीवरून लगेच कळलं असतं, कुठल्या वस्तीतला माणूस आहे ते. गप्प होते म्हणून ते सगळ्यांच्या बरोबरीचे होते. तेव्हापासून शांतता म्हणजे मान, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्या पोरांनाही तो मान मिळावा, असं मला वाटे, आणि मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या ओठांकडे बघत बसे. ओठ हलले की श्श.

ती मुलगी सहावीत असल्यापासून माझ्या डोळ्यावर आली. वंटगदीत शाळेचं जेवण करणाऱ्या बाईंची ती मुलगी. बारीक, केस कायम तेल लावून चोपलेले, आणि आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. ती नेमकी खिडकीपाशी बसायची आणि मोठ्यानं वाचायची. पुटपुटणं मी समजून घेतलं असतं. ही चक्क वाचून दाखवल्यासारखी वाचायची, थांबे घेऊन, माणसांप्रमाणे आवाज बदलून. मी म्हणायची, 'मनात वाच.' ती मान हलवायची. चार ओळी गप्प जायच्या, आणि मग पुन्हा हळूहळू आवाज वर चढायचा.

मी तिला खिडकीपासून उठवून दाराशी बसवलं. दोन दिवसांनी ती पुन्हा खिडकीपाशी. मला वाटलं, पोरीला फोडणीचा वास सुटत नाही. तसं मी सगळ्यांसमोर म्हणालेही, आणि पोरं हसली. सातवीत गेल्यावरही तेच. रोज तोच आवाज, रोज माझं श्श. एक दिवस डोकं दुखत होतं, वर्गात आधीच वाद झाला होता, आणि ही तिकडे कोणत्याशा म्हातारीचा घोगरा आवाज काढून वाचत बसलेली. मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. 'मनात वाचता येईल तेव्हाच इथं यायचं,' असं सांगितलं आणि पुस्तक कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

ती रडली नाही. खिडकीकडे एकदा बघितलं आणि गेली. त्यानंतर ती लायब्ररीच्या तासाला मैदानातल्या लिंबाखाली बसून राहायची. मी बोलावलं नाही. सुटले एकदाची, असं मला वाटलं, हे लपवून काय उपयोग. उन्हाळ्यानंतर तिचा उटनूरकडच्या इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत नंबर लागला आणि ती गाव सोडून गेली. मी तिचा दाखला देताना पेढा खाल्ला, शाबासकी दिली. तिच्या आईनं माझ्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, तो मी हात धरून थांबवला.

त्याच वर्षी आम्हाला आदिलाबादला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता शाळेतली लायब्ररी. समोरच्या तरुण प्रशिक्षकानं भिंतीवर चित्रं दाखवली: गोल टेबलं, रंगीत सतरंज्या, घोळक्यानं बसलेली मुलं, एकच पुस्तक पाच जणांत. लायब्ररी ही गप्प बसायची जागा राहिली नाही, असं तो तेलुगूत म्हणाला. पोरांनी तिथं बोलावं, एकमेकांना वाचून दाखवावं, भांडावं, मिळून काही करावं. चहाच्या वेळी मी त्याला अडवलं आणि हिंदीत विचारलं की मग लायब्ररीत आणि बाजारात फरक काय. तो हसून म्हणाला, मॅडम, बाजारातही लोक खूप शिकतात. मी चहा तसाच ठेवून निघून आले.

आमचे हेडमास्तर मात्र पेटून उठले. ते गुडीहत्नूरचे, तेलुगू बोलणारे, मनानं चांगले आणि नव्या गोष्टीसाठी कायम एका पायावर तयार. त्यांनी बाकडी बाहेर काढली, कपाटांचे दरवाजेच उतरवले. माझ्या किल्ल्यांचा जुडगा एका दिवसात निकामी झाला. गावच्या सुताराकडून बुटकी गोल टेबलं करून घेतली, भिंतींना पिवळा रंग दिला. दारावर तेलुगूत पाटी लावली: 'मन गदि'. तेलुगूत मन म्हणजे आपलं. आपली खोली. आमच्या पोरांनी ते मराठीत वाचलं आणि मला येऊन विचारलं की ही मनाची खोली आहे का. मी म्हटलं, जा, सरांना विचारा.

एक मोठा स्क्रीन मिळाला होता. तो लावायला सलग भिंत पाहिजे होती, आणि सलग भिंत फक्त वंटगदीच्या बाजूची होती. हेडमास्तरांनी मला विचारलं, खिडकी बुजवली तर चालेल ना. मी म्हटलं, खुशाल बुजवा, धूर तरी यायचा थांबेल. गवंडी विटा लावत होता तेव्हा स्वयंपाकाच्या बाई पलीकडून गजाला धरून उभ्या होत्या. एका हातात तांदळाचं पातेलं.

"खिडकी काऊन बंद करून राह्यले, मॅडम?"

मी सांगितलं, टीव्ही लावायचा आहे. त्या 'बरं' म्हणाल्या. मग गवंड्याची थापी त्यांच्या तोंडासमोर आली तेव्हा बाजूला झाल्या.

पहिले काही आठवडे मी त्या खोलीत जायचंच टाळलं. जायची वेळ आली की कपाळावर आठ्या घेऊन जायची. पोरं सतरंजीवर पालथी पडलेली, एक वाचतोय, दुसरा मध्येच तोडतोय, तिसरी म्हणतेय तसं नाही तसं होतं. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्या पोरांनी बाकावर बसून दोन वर्षं एकाच पानाकडे बघितलं होतं, ती आता वाचत होती. सहावीतला एक मुलगा, घरी कोलामी बोलणारा, माझ्यासमोर कधी एक वाक्य न बोललेला, तो शेजारच्याला मराठी शब्द सोडवून सांगत होता. माझ्या त्या सगळ्या श्शमध्ये किती जणांची वाचा बसली असेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. पुस्तकं आता घरीही जायची, आणि बहुतेक परतही यायची. मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मला ती खोली आवडायला लागली होती.

आमच्या शाळेत जेवण वाढायच्या आधी एका शिक्षकानं ते चाखायचं असतं. त्या आठवड्यात पाळी माझी होती. वंटगदीत मोठा डाळीचा डेग उतरवून ठेवलेला. बाईंनी मला वाटीत डाळ दिली, वर भाताची दोन शितं. मी चाखलं, मीठ बरोबर आहे म्हटलं आणि निघाले. त्यांनी मागून विचारलं.

"मॅडम, थे म्हैस सापडली का?"

मला वाटलं गावात कोणाची म्हैस सुटली असेल. मी विचारलं, कोणाची म्हैस.

"पुस्तकातली. म्हातारीची. दावं तोडून गेली होती ना."

मी दारातून मागे वळले. त्या पदराला हात पुसत, जराशा लाजत सांगत होत्या. म्हातारी नदीच्या काठाकाठानं गावोगाव म्हैस शोधत हिंडत होती. प्रत्येक गावातले लोक तिला दुसऱ्याचीच म्हैस दाखवत होते. शेवटी ती घाटावर आली, अंधार पडायला लागला, आणि पलीकडच्या काठावरून घंटी वाजली. तिथवर त्यांनी ऐकलं होतं. सगळं त्यांना गावांच्या क्रमानं पाठ होतं. कोणत्या गावात म्हातारीला ताक मिळालं, कोणत्या गावात कुत्रं अंगावर आलं, तेही.

"तुमाले कोणी सांगितलं?" मी विचारलं, तरी उत्तर मला तोवर कळलं होतं.

"माही पोरगी वाचे ना, खिडकीपाशी. मी इकडे कांदे कापत आयको. मले कुठं वाचता येते. अन् घरी पुस्तक आणू नाही देत म्हणे. मंग तुमी मना केलं."

मी म्हटलं, मी मना नाही केलं. मनात वाच म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मनात म्हणजे कसं. आवाज न काढता वाचायचं, असं मी समजावलं, तर त्या म्हणाल्या की मग ऐकणाऱ्याला कसं कळेल. पोरीनं घरी जाऊन 'मॅडम मनात वाच म्हणते' असं सांगितलं आणि यांनी 'मना' ऐकलं, की पोरीनंच तसं सांगितलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या भागात मना हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. तहसिलीच्या दारावर, जंगलखात्याच्या गेटावर, कुठं ना कुठं आत यायला मना असतंच.

"मले वाटलं," त्या म्हणाल्या, "मी शाळेतली नाही, फुकट बाहेरून आयकतो, म्हणून मना केलं असन. तुमचं बरोबरच होतं."

बाहेरून ऐकणाऱ्याला हाकलून लावल्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले. माझ्या आज्याला शाळेच्या ओट्याखाली बसून पाढे ऐकतो म्हणून दगड मारले होते. ते सांगतानाचा वडिलांचा आवाज आजही मला ऐकू येतो. आणि दीड वर्ष ही बाई डाळ घोटताना मनात धरून होती की मी तिला तसंच हाकललं, आणि वर बरोबरच केलं. मला त्यांचे हात धरावेसे वाटले. पण बाहेर पोरं ताटं वाजवायला लागली होती, आणि मी फक्त एवढंच म्हणू शकले की चूक माझी झाली. त्यांना ते ऐकून अवघडल्यासारखं झालं. त्या भात वाढायला गेल्या.

मी त्याच दिवशी हेडमास्तरांकडे गेले, खिडकी उघडा म्हणाले. स्क्रीनच्या वायरी त्याच भिंतीतून गेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले की त्यांना आतच बोलवा, पोरांबरोबर बसू द्या, खोली आपलीच आहे. मी तसा निरोप दिला. बाई हसल्या. डाळीकडे कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. हात कामात आणि कान मोकळे, अशी जागा त्यांच्यासाठी ती खिडकीच होती. मिळून शिकायची खोली करण्याच्या भरात आम्ही तेवढी एकच बुजवली होती.

पुस्तक मला दारं उतरवलेल्या कपाटात तळाशी सापडलं. मी त्यांना म्हटलं, मी वाचून दाखवते, जेवणं झाली की. त्यांनी पुस्तक हातात घेतलं.

"दसऱ्याले पोरगी येऊन राह्यली. थेच वाचन. तिच्या तोंडून आयकलं होतं, तिच्याच तोंडून आयकतो."

पुस्तक त्यांनी पदरात गुंडाळून नेलं. सुट्टी सुरू व्हायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्या दोनदा मला म्हणाल्या की त्यांच्या मते ती घंटी दुसऱ्याच म्हशीची असणार, कारण पाणी मोठं होतं आणि म्हैस एकटी पलीकडे गेली नसती. त्यांच्यासोबत काम करणारी म्हातारी म्हणायची, तिचीच आहे. दोघींचा दीड वर्षापासून हा वाद चालला होता.

सुट्टीत मी गावी नव्हते, पण माझा जीव तिकडेच लागला होता. सण संपून शाळा उघडली त्या दिवशी मी हजेरी घेऊन सरळ वंटगदीत गेले. बाई चुलीशी होत्या. पुस्तक फडक्यात बांधून खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, ते त्यांनी काढून माझ्या हातात दिलं. सापडली का, मी विचारलं.

"सापडली म्हणे."

म्हणे का, असं मी विचारलं. त्या लाकडं सारत बोलत राहिल्या. पोरगी आली, अंगानं भरली आहे, इंग्रजी बोलते. पुस्तक दिलं तर खूश झाली. बाईंनी म्हटलं, वाचून दाखव. ती म्हणाली, थांब आई, मराठी वाचून लई दिवस झाले, आधी मी वाचते. होस्टेलात मोठ्यानं वाचलं की पोरी हसतात, म्हणून तिकडे तिनं मनात वाचायची सवय केली होती. मग ती भिंतीला टेकून बसली आणि वाचत राहिली. बाई शेजारी बसून होत्या.

"ओठबी नाही हालले, मॅडम. मी तोंडाकडे पाह्यत होती. मधात एकडाव हासली. म्हणलं, काय झालं वं? तं म्हणे, काही नाही. मंग पुस्तक मिटलं, अन् म्हणे, आई, सापडली. अन् मैत्रिणीकडे गेली." त्यांनी चुलीत फुंकर घातली. "लई चांगलं शिकवलं तुमी. आता बाजूले बसलं तरी आयकू येत नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथल्या उपड्या पातेल्यावर बसले, पुस्तक उघडलं, घाटाचं पान काढलं आणि वाचायला लागले. दोन ओळींत त्यांनी थांबवलं.

"मोठ्यानं वाचा, मॅडम. चुलीचा आवाज होते."

मी मोठ्यानं वाचलं. वर्गात शिकवताना माझा आवाज चांगला लागतो, पण तिथं मी ओळी चुकत होते. बाई आणि त्यांच्यासोबतची म्हातारी हातातली कामं चालू ठेवून ऐकत होत्या. घंटी तिच्याच म्हशीची निघाली. म्हातारी जिंकल्यासारखी मान हलवून भाजी चिरायला लागली. शेवटचं पान संपलं तेव्हा बाईंनी भाताचं पाणी काढलं, झाकण लावलं आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाल्या:

"बरं वाचलं तुमी. माही पोरगी म्हातारीचा आवाज काढे."

मी हो म्हटलं. तो आवाज मी कितीतरी दिवस रोज ऐकला होता, माझ्यापासून दोन हातांवर, बंद कर म्हणून सांगत. वंटगदीतून वर्गावर जाईपर्यंत मी तो आठवायचा प्रयत्न करत राहिले, आणि मला तो आठवला नाही.